डोंगरातल्या घराचा चढ : हा पावसाळा गाडी वर नेऊ नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भोरहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, हिरडस मावळात, फेब्रुवारीत तुम्ही जुनं कौलारू घर आणि १४ गुंठे जमीन घेतली. गावरस्त्यापासून घरापर्यंत सुमारे ११० मीटरचा कच्चा चढ. खालचे ७५ मीटर गाडी बऱ्यापैकी चढते, मग दहाएक मीटरचं एक वळण आणि शेवटचे २५ मीटर अगदी छातीवर येणारे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुमचे यजमान गाडी वर घेत असताना पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, गाडी मागे घसरली आणि मागचं डावं चाक कडेच्या भरावात रुतलं. पलीकडे वीस फूट खाली भाताचं खाचर. गाडीत ७४ वर्षांचे सासरे. आता ठेकेदार म्हणतोय, वरपासून खालपर्यंत चार इंच काँक्रीट मारून देतो, विषय संपेल. तुम्ही विचारताय, काम द्यावं का.

नको. या पावसाळ्यात तर नकोच, आणि तो सांगतोय त्या पद्धतीने पुढेही नको. मी २७ वर्षं वाई, जावळी, भोर, महाड या पट्ट्यात वाड्यावस्त्यांच्या आणि घरांच्या चढांची कामं करतोय. काँक्रीट ही या कामातली शेवटची गोष्ट आहे. तुमच्या चढाचं दुखणं पाणी आणि उतार हे आहे. पृष्ठभाग त्यानंतर येतो.

आधी आजचं बघू. गाडी वळणाच्या वर न्यायची नाही. यजमानांनी सवय झाली असं म्हटलं तरी नाही, ऊन पडलं तरी नाही, कारण वरून सुकलेला मुरूम आतून ओलाच असतो. वळणाशी डोंगराच्या बाजूला गाडी मावत असेल तर तिथे, नाहीतर सरळ खाली गावरस्त्यालगत लावा. लावताना चाकं डोंगराकडे वळवलेली, गाडी गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि उताराच्या बाजूने दोन चाकांना चांगले मोठे दगड. भरावाच्या बाजूला गाडी उभी करायची नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

त्या दिवशी गाडी का घसरली हेही समजून घ्या, म्हणजे यजमान स्वतःला दोष देणार नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो. चढ जितका उभा, तितकं वजन मागच्या चाकांवर सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावरच भार नाही, खाली ओला मुरूम, मग ती फिरणारच. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहिलं की चाक स्वतःचा खड्डा खणतं. पुन्हा कधी असं झालंच तर पाय काढायचा, ब्रेक धरायचा, हँडब्रेक ओढायचा, आणि चाकामागे दगड लागल्याशिवाय काहीही करायचं नाही. दगड लावणाऱ्याने गाडीच्या मागे सरळ रेषेत उभं राहायचं नाही, डोंगराच्या बाजूने हात घालायचा. बाकीच्यांनी आधी उतरायचं, तेही डोंगराच्या बाजूच्या दारानेच.

चाक रुतलं होतं तिथे जाऊन बघा. कडेला समांतर अशी भेग जमिनीत दिसते का? बोटभर रुंद असली तरी ती भेग सांगते की बाहेरचा भराव सुटायला लागलाय. भेगेत चिकण माती ठासून भरा, वर ताडपत्री टाका, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. आणि कडेपासून मीटरभर आत मोठे दगड मांडून त्यांना पांढरा रंग द्या. धुक्यात तुम्हाला कडा दिसणार नाही, ते दगड दिसतील. पाण्याचा टँकर मागवत असाल तर त्यालाही खालीच थांबवा. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं. तुमची गाडी टन-सव्वा टनाची. गाडीखाली टिकलेला भराव टँकरखाली टिकेल असं समजू नका. खालून वर पाईप टाकून मोटरने पाणी चढवता येतं.

आता पाण्याकडे येतो. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण मी पाहिलेले बिघडलेले चढ जवळजवळ सगळे पाण्यानेच बिघडलेले होते.

एक हिशेब करा. तुमच्या रस्त्याच्या वर डोंगराचा जो भाग आहे, ज्याचं पाणी रस्त्यावर उतरतं, तो नुसता वीस गुंठे धरला तरी साधारण दोन हजार चौरस मीटर झाला. तासाला १०० मिलिमीटरचा एक झोडपा आला तर त्या तुकड्यावर तासाभरात दोन लाख लिटर पाणी पडतं. वीस टँकर. जुलैत जमीन आधीच तुडुंब असते, मुरायला जागा नसते, त्यामुळे यातलं बरंचसं खाली धावतं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तुमचं घर त्याच डोंगररांगेत आहे. एवढ्या पाण्याला तुमचा रस्ता ही तयार, साफ केलेली, झाडंझुडपं नसलेली घसरगुंडी मिळते. ते चाकोरीत शिरतं, चाकोरीचा ओघळ होतो आणि ओघळाची घळ होते.

म्हणून या पावसाळ्यात एकच काम मनापासून करा. जोराचा पाऊस लागला की छत्री, काठी आणि पंधरा-वीस खुंट्या घेऊन चढावर जा. विजा होत असतील तर नाही, आणि एकट्याने नाही. पाणी वरून रस्त्यावर कुठे उतरतं तिथे एक खुंटी. रस्त्यावरून वाहत कुठे बाहेर पडतं तिथे दुसरी. कुठे साचतं तिथे तिसरी. मग पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा जा आणि उपळ कुठे फुटलेत ते बघा. रस्त्याच्या मधोमध, वरून कोरडं असताना, खालून पाणी येताना दिसेल. त्या जागा सगळ्यात महत्त्वाच्या, कारण काँक्रीटच्या पोटात जाऊन बसणारं पाणी तेच. सगळ्याचे फोटो काढा. हे नकाशे उन्हाळ्यात कोणत्याच इंजिनिअरला मिळत नाहीत.

वाडीतल्या एखाद्या जुन्या माणसालाही घेऊन जा. मला एका कामावर एका आजींनी काठी रोवून सांगितलं होतं, "हितनं व्हाळ जायचा, तुमच्या मालकानं बुजवला." आम्ही खोदलं तर चार फुटांवर गोटे लागले, जुना ओहोळच. तिथे मी घराची भिंत धरणार होतो.

या पावसासाठी तात्पुरता उपाय म्हणजे पाणी तोडायचं. रस्त्यावर तिरक्या, आडव्या चरी मारा, सहा इंच खोल, पुरेशा रुंद, तळाला आणि खालच्या काठाला दगड बसवलेल्या. उभ्या भागात दर दहा-बारा मीटरला एक, खालच्या भागात वीस मीटरला एक पुरते. दोन गड्यांचं दोन दिवसांचं काम आहे. पाणी चरीतून बाहेर पडेल तिथे दगडांचा थर टाका, नाहीतर तिथेच नवी घळ पडेल. आणि ते सोडायचं गवताळ, टणक जागी. भरावावर सोडायचं नाही, शेजाऱ्याच्या खाचरात तर मुळीच नाही. भात वाहून गेलं तर तुम्ही त्या गावात नीट राहू शकणार नाही.

कायमचं काम दिवाळीनंतर. रस्ता जिथे डोंगर कापून केलाय, त्या कापाईच्या माथ्यावर पाच-सहा मीटर मागे एक दगडी बांधलेली चर, म्हणजे वरचं पाणी रस्त्यावर येणारच नाही. रस्त्याच्या आतल्या अंगाला पक्कं गटार. रस्त्याचा आडवा कल डोंगराकडे, गटाराकडे. दरीकडे कल दिला की पाणी भराव खातं, आणि गाडी घसरलीच तर दरीकडे जाते. ती डोंगराला टेकली पाहिजे. जिथे पाणी रस्ता ओलांडणार तिथे मोरी, ६०० मिलिमीटरचा ह्यूम पाईप, म्हणजे सिमेंट काँक्रीटचा गोल पाईप. हिशेबाने ३०० चालतो असं कुणी सांगेल. हिशेब पाण्याचा असतो, पाचोळ्याचा नसतो. लहान पाईपमध्ये फांदी आडवी अडकली की पहिल्याच आठवड्यात तुंबतो, आणि आत फावडं घालता येत नाही. खाली गावरस्त्याला जिथे तुमचा चढ मिळतो तिथलं रस्त्याचं गटारही भराव टाकून बुजवू नका, तिथेही पाईपच हवा, ग्रामपंचायतीला विचारून.

हे मी इतकं आग्रहाने का सांगतोय ते सांगतो. २००९ मध्ये मेढ्याच्या पुढे एका घराचा चढ मी केला होता. मालकांना घाई होती, मीही मान डोलावली. उत्तम काँक्रीट, सहा इंच, जाळीसकट. उपळ फुटतात त्या जागी पाईप टाकायला हवे होते, ते मी टाकले नाहीत, कारण एप्रिलमध्ये जमीन खडखडीत होती आणि पावसात मी ती बघितली नव्हती. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी पाणी काँक्रीटखालून वाहू लागलं आणि मुरूम धुऊन नेला. वरून काही दिसत नव्हतं. काठीने ठोकलं असतं तर पोकळ आवाज आला असता, पण ठोकलं कुणी नाही. ऑगस्टमध्ये कौलांनी भरलेला टेम्पो चढत असताना काँक्रीट मोडलं आणि मागचं चाक आत गेलं. ड्रायव्हर वाचला, त्याचं मनगट मोडलं. ते काम मी माझ्या खर्चाने पुन्हा केलं, पण मनगटाचं ओझं अजून आहे. कच्चा रस्ता खचतो तेव्हा आधी दिसतो. काँक्रीट शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवतं.

आता उतार. तो डोळ्यांनी मोजू नका, फसगत होते. दोन मीटरची सरळ फळी घ्या, वर गवंड्याची लेव्हल ठेवा. फळीचं एक टोक चढावर टेकवा, दुसरं उचलून फळी समपातळीत आणा आणि उचललेल्या टोकाखालचं अंतर मोजा. २० सेंटिमीटर भरलं तर चढ दहास एक, म्हणजे दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. २५ भरलं तर आठास एक, ४० भरलं तर पाचास एक, ५० भरलं तर चारास एक. दर पाच मीटरला मोजून कागदावर लिहा. तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून मला खालचा भाग आठास एक आणि शेवटचे २५ मीटर चारास एकच्या आसपास वाटतात.

तुलनेसाठी सांगतो, डोंगरी भागातल्या सार्वजनिक रस्त्यांना इंडियन रोड्स काँग्रेस साधारण वीसास एक चढ धरायला सांगते आणि अगदी नाइलाजाच्या जागीही चौदास एकच्या आसपास थांबते. खूप उभ्या भूभागात थोडी सूट आहे, तीही साडेबारास एकपर्यंतच. घराच्या खासगी चढाला इतकं कडक राहणं जमत नाही. माझा स्वतःचा नियम असा : दहास एक चांगला, आठास एक चालेल, सहास एक फक्त सरळ रेषेत आणि दहा-बारा मीटरपुरता. चारास एक पावसाच्या मुलखात करायचा नाही, त्यावर कितीही चांगलं काँक्रीट घाला.

या अंदाजाने ११० मीटरांत एकूण चढाई साधारण १७ मीटर होते. आठास एक हवा असेल तर १३६ मीटर लांबी लागेल. म्हणजे २५-२६ मीटर रस्ता कमी पडतोय. तो मिळवायचा कुठून? घराच्या मागचा डोंगर कापून नक्कीच नाही. घरामागचा पाया कापणं म्हणजे दरडीला आवतण. फोटोत घराच्या दक्षिणेला जुनी नाचणीची दोन पडीक खाचरं दिसतात. वळण थोडं अलीकडे घेऊन त्या खाचरांच्या कडेने वळसा घातला तर ही लांबी मिळू शकते, आणि कापाई-भराव दोन्ही कमी लागतील. वळण स्वतः जवळजवळ सपाट हवं आणि तिथे रुंदी साडेचार मीटर तरी हवी, सरळ भागात तीन मीटर पुरे. गावरस्त्याला मिळतानाही शेवटचे सहा मीटर सपाट ठेवा, म्हणजे गाडी थांबून दोन्हीकडे बघता येईल. आत्ता तुमची गाडी तिथे नाक वर करून उभी राहते आणि यजमानांना रस्ता दिसतच नसणार. चढ जिथे सुरू होतो आणि संपतो तिथे एकदम कोन नको, हळूहळू गोलाई हवी, नाहीतर गाडीचं पोट घासतं.

मोजणीत वळसा बसला नाही तर मी सरळ सांगेन : गाडी वळणापर्यंतच. तिथे दोन गाड्यांची पक्की, सपाट जागा करा आणि पुढे पायऱ्या. शेवटच्या २५ मीटरांतल्या सव्वासहा मीटर चढाईला सहा इंची बेचाळीस पायऱ्या होतात. सासऱ्यांचे गुडघे धरून पाच इंची पन्नास करा, दर दहा पायऱ्यांना बसता येईल असा ओटा, एका बाजूला सलग लोखंडी कठडा, रात्री दिवा. हे हार मानणं नाही. आपल्या डोंगरातली जुनी घरं अशीच आहेत, गाडीवाट खाली आणि घर वर. फक्त १०८ ची रुग्णवाहिका वळणापर्यंत येऊन फिरू शकेल एवढी जागा तिथे जरूर ठेवा.

पृष्ठभागाचं थोडक्यात. उतार आणि पाणी सुधारल्यावर काँक्रीट घाला, पण चार नाही, सहा इंच, एम-२५ प्रतीचं, खाली डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा रचलेला थर, आणि रोलरने दाबलेला मुरूम. उतारावर काँक्रीटचा सगळा थरच हळूहळू खाली सरकू पाहतो, म्हणून दर पाच-सहा मीटरला जमिनीत फूटभर उतरलेली आडवी पट्टी हवी, जी त्याला धरून ठेवेल. ओतायचं खालून वर, घट्ट कालवून. पाणी जास्त घातलेलं काँक्रीट उतारावर तुमच्या डोळ्यांदेखत खाली ओघळतं आणि वर नुसती खडी उरते. ओलं असताना खराट्याने आडवे ओरखडे काढायचे आणि हातभर अंतरावर गटाराकडे जाणाऱ्या तिरक्या खाचा मारायच्या. चौदा दिवस ओली गोणपाटं. गुळगुळीत फिनिश दाखवून कुणी खूश करायला आलं तर थांबवा. पेव्हर ब्लॉक, शहाबादी, कोटा यांतलं काहीही उतारावर नको. आणि शेवाळ कशावरही धरतं, म्हणून चढावर सावली धरणाऱ्या फांद्या छाटून ऊन येऊ द्या आणि पावसात ताठ ब्रशने घासायची तयारी ठेवा.

कडेच्या भरावाला पायथ्याशी जाळीतल्या दगडांची भिंत मला सिमेंटच्या भिंतीपेक्षा आवडते. पाणी तिच्यातून निघून जातं, मागे दाब साठत नाही. भराव आठ-आठ इंचांच्या थरांनी दाबत आणायचा. उतारावर जूनच्या सुरुवातीला वाळा लावा, वितीपेक्षाही कमी अंतरावर, सलग ओळीत. त्याची मुळं सरळ खाली खोल जातात. वरच्या अंगाची कारवी साफसफाई म्हणून काढू नका, तुमचा डोंगर तिने धरलाय.

एक गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, पण ती मला काँक्रीटइतकीच मोठी वाटते. खालचे ४० मीटर शेजाऱ्यांच्या गटातून जातात आणि खरेदीखतात रस्त्याचा शब्द नाही. तिथे एक पैसाही घालण्याआधी शेजाऱ्यांकडे चहाला जा. वहिवाटीचा हक्क रुंदीसह लिहून नोंदणीकृत दस्त करा, त्यांना मोबदला द्या आणि त्यांच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद करून घ्या. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. हे दोन्ही माहीत असू द्या, पण सुरुवात चहानेच करा.

आता थोडं कठीण बोलतो. ३० जुलै २०१४ ला दरडीखाली माळीण गाव गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी तशीच गेली. डोंगरात राहायचं तर काही खुणा घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. घराच्या वरच्या अंगाला जमिनीत नव्या भेगा. सरळ उभी झाडं किंवा विजेचे खांब कलणं. दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं. नेहमीचा झरा एकदम गढूळ होणं, किंवा धो धो पावसात एकाएकी आटणं. यातलं काहीही दिसलं तर सामान न घेता निघायचं, खाली ओढ्याकडे नाही, बाजूला, आणि वाडीलाही उठवायचं. म्हणूनच पायी उतरायची वाट या पावसातही मोकळी आणि दोर बांधलेली हवी.

ठेकेदाराशी करार करताना तीन ओळी घालून घ्या. पाईप आणि गटाराचं काम झाकण्याआधी तुम्हाला दाखवायचं आणि फोटो काढायचे. काम मार्चअखेर संपवायचं, म्हणजे मेमधला वळीव येईपर्यंत काँक्रीट पुरतं पक्कं झालेलं असेल. आणि बिलाचे शेवटचे वीस टक्के पुढचा पावसाळा निघून गेल्यावर, दसऱ्याला. जो ठेकेदार याला कबूल होईल त्यालाच काम द्या. फळीची मोजमापं आणि खुंट्यांचे फोटो पाठवलेत तर वळसा बसतो का ते मी बघून सांगतो.